केशव सिंह प्रकरण, १९६४ : विधानसभेने न्यायमूर्तींवर वॉरंट काढले तेव्हा

२१ मार्च १९६४ रोजी उत्तर प्रदेश विधानसभेने एक ठराव संमत केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठातील दोन न्यायमूर्ती, नसीरुल्ला बेग आणि जी. डी. सहगल, यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करावे, असे त्यात म्हटले होते. त्यांच्याबरोबर बी. सॉलोमन हे वकील आणि केशव सिंह हा गोरखपूरचा राजकीय कार्यकर्ताही होता. सभागृहाने तुरुंगात धाडलेल्या केशव सिंह यांच्या वतीने सॉलोमन यांनी अर्ज केला होता आणि दोघा न्यायमूर्तींनी तो दाखल करून घेऊन जामीन दिला होता. सभागृहाच्या लेखी चौघांचाही गुन्हा एकच होता : विधानसभेचा अवमान.

भारतात विधिमंडळ आणि न्यायालय एकमेकांसमोर इतक्या उघडपणे कधीच उभे ठाकले नव्हते. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला अभिप्राय आजही हक्कभंगाच्या, म्हणजे सभागृहाच्या खास अधिकारांच्या भंगाच्या, प्रत्येक वादात उद्धृत होतो. तो न्यायालयाचा विजय म्हणून शिकवला जातो आणि निष्कर्षापुरते ते बरोबर आहे. मला मात्र या प्रकरणात त्याहून मोठी गोष्ट दिसते. ज्या अधिकारांवरून हा झगडा झाला, ते अधिकार कायद्याने ठरवण्याचे काम घटनेने विधिमंडळाकडेच सोपवले होते. विधिमंडळाने ते तेव्हा केले नव्हते आणि आजही केलेले नाही.

पत्रक, समज आणि सात दिवसांची कैद

केशव सिंह समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आमदाराच्या 'काळ्या कारनाम्यांचा' भांडाफोड करणारे पत्रक छापून वाटले. आमदारांनी तक्रार केली, प्रकरण सभागृहाच्या खास अधिकारांबाबतच्या तक्रारी तपासणाऱ्या विशेषाधिकार समितीकडे गेले आणि सभागृहाने ठरवले की हा सदस्याच्या विशेषाधिकाराचा भंग आणि सभागृहाचा अवमान आहे. शिक्षा अगदी सौम्य होती. सभागृहापुढे येऊन समज ऐकून घ्यायची, एवढेच.

दोघे सहकारी १९ फेब्रुवारी १९६४ रोजी लखनौला आले आणि समज घेऊन परतले. केशव सिंह आले नाहीत. गोरखपूरहून लखनौला यायला रेल्वेच्या भाड्याचे पैसे नाहीत, असे त्यांनी कळवले. अखेर १३ मार्चला त्यांना गोरखपुरात पकडण्यात आले आणि १४ मार्चला सभागृहात उभे करण्यात आले. अध्यक्ष मदन मोहन वर्मा यांनी वारंवार नाव विचारले. केशव सिंह अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले आणि एका शब्दाने बोलले नाहीत. त्या पाठमोऱ्या माणसालाच अध्यक्षांनी समज दिली.

विषय इथे संपायला हरकत नव्हती. पण त्यांनी ११ मार्चला अध्यक्षांना लिहिलेले एक पत्र त्याच दिवशी सभागृहापुढे आले. पत्रकातला मजकूर खरा आहे, भ्रष्ट माणसाला भ्रष्ट म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही, समज देण्याचा हुकूम म्हणजे नादिरशाही फर्मान असून लोकशाहीवरचा घाला आहे, असा त्या पत्राचा सूर होता. मुख्यमंत्री सुचेता कृपलानी यांनी सात दिवसांच्या कैदेचा प्रस्ताव मांडला, तो संमत झाला आणि केशव सिंह यांची रवानगी लखनौच्या जिल्हा तुरुंगात झाली.

सुचेता कृपलानी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेल्या, घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या आणि देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. म्हणून हा सगळा प्रकार कुणा उद्दाम सत्ताधाऱ्याचा होता असे म्हणून हात झटकता येत नाहीत. त्या सभागृहाला मनापासून वाटत होते की आपण आपल्या प्रतिष्ठेचे रक्षण करत आहोत. अधिकाराची कड कायद्याने आखलेली नसली की सद्हेतूने वागणारी माणसेही कुठवर जाऊ शकतात, ते पुढच्या आठवड्यात दिसले.

१९ ते २७ मार्च

शिक्षेचे बहुतेक दिवस भोगून झाले होते. १९ मार्चला सॉलोमन यांनी लखनौ खंडपीठापुढे बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे कैद कायदेशीर आहे का ते तपासावे असा, अर्ज सादर केला. दुपारी दोनच्या सुमारास तो पुकारला गेला, तेव्हा सहायक सरकारी वकील हजर होते आणि तीन वाजता सुनावणी घेण्यास त्यांनी संमती दिली. तीन वाजता सरकारच्या बाजूने कोणीच आले नाही. न्यायमूर्तींनी अर्ज दाखल करून घेतला, नोटीस काढली आणि प्रत्येकी एक हजार रुपयांचे दोन जामीनदार व तेवढ्याच रकमेचा जातमुचलका घेऊन केशव सिंह यांना सोडण्याचा हुकूम दिला.

तीन वाजताच्या त्या गैरहजेरीबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. सरकारी वकील उभे राहिले असते, सभागृहाचा ठराव आणि वॉरंट न्यायालयापुढे ठेवले असते, तर सुनावणी वेगळ्या दिशेने गेली असती. निदान न्यायमूर्तींना कळले असते की कैद नेमकी कोणत्या अधिकाराने झाली आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींच्या मतातला या दोघांना निर्दोष ठरवणारा भाग याच अज्ञानावर उभा राहिला.

दोन दिवसांनी सभागृहाचा तो ठराव आला. त्यात न्यायमूर्तींना म्हणणे मांडायची संधीही नव्हती, दोषी ठरवून थेट ताब्यात घेण्याचा आदेश होता. २३ मार्चला वॉरंटे निघाली. त्याच दिवशी न्यायमूर्तींनी आपल्याच उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली दाद मागितली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या उरलेल्या सर्व २८ न्यायमूर्तींनी एकत्र बसून वॉरंटांना स्थगिती दिली. एका राज्याचे अख्खे उच्च न्यायालय त्याच राज्याच्या विधानसभेविरुद्ध आदेश देत आहे, हे दृश्य घटना लिहिणाऱ्यांनी कल्पिले नसेल.

विधानसभा २५ मार्चला एक पाऊल मागे आली. न्यायमूर्तींचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय करण्याचा आपला इरादा नव्हता, असा खुलासा करणारा ठराव झाला आणि वॉरंटे मागे घेण्यात आली. मात्र ६ एप्रिलला विशेषाधिकार समितीपुढे हजर राहून खुलासा द्या, असे न्यायमूर्तींना बजावण्यात आले. २८ न्यायमूर्तींच्या त्या पूर्णपीठाने २७ मार्चला त्यालाही स्थगिती दिली. पण त्याच्या आदल्याच दिवशी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी अनुच्छेद १४३ खाली पाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठवले होते.

केंद्राची ही चाल शहाणपणाची होती. निकाल मागितला असता तर कुणीतरी कुणावर तरी तो बजावावा लागला असता. अभिप्राय मागितल्यामुळे दोन्ही बाजूंना थांबायला जागा मिळाली.

दिल्लीत मुंबईचे वकील

सरन्यायाधीश होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. जन्म साताऱ्याचा, घर शास्त्री-पंडितांचे, उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १ फेब्रुवारी १९६४ ला त्यांनी सरन्यायाधीशपद स्वीकारले आणि दोन महिने पुरे होण्याआधीच हे प्रकरण त्यांच्यापुढे आले. त्यांच्यासोबत पीठावर ए. के. सरकार, सुब्बा राव, वांछू, हिदायतुल्ला, शहा आणि राजगोपाल अय्यंगार असे सहा न्यायमूर्ती होते.

उत्तर प्रदेश विधानसभेची बाजू मांडायला उभे राहिले होरमसजी सिरवई, तेव्हाचे महाराष्ट्राचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील. न्यायमूर्तींच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड, तेही मुंबईच्या वकिलीतून वर आलेले आणि देशाचे पहिले महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील. सिरवईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केले की विधानसभा इथे हजर आहे म्हणजे तिने आपल्या विशेषाधिकारांबाबत या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले असे समजू नये. साऱ्या युक्तिवादाचे सार त्या एका वाक्यात आले होते : आमच्या अधिकारांचा अंतिम निवाडा आम्हीच करणार.

सिरवईंचा आधार अनुच्छेद १९४ चा तिसरा खंड. त्यात म्हटले होते की विधिमंडळाने कायद्याने आपले अधिकार, विशेषाधिकार आणि उन्मुक्ती (कारवाईपासूनची सूट) ठरवाव्यात. तोवर ते घटना अमलात येताना ब्रिटनच्या कॉमन्स सभेला, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला, जे होते तेच असतील. आणि कॉमन्सचा एक जुना अधिकार असा की अवमानासाठी कुणाला कैदेत टाकताना वॉरंटमध्ये कारण लिहायची तिला गरज नाही. 'अवमान केला म्हणून कैद' एवढेच लिहिले की न्यायालय पुढे काही विचारत नाही.

हा अधिकार किती पक्का होता, त्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लंडनमध्ये स्टॉकडेल नावाच्या प्रकाशकाने कॉमन्सच्या अधिकृत मुद्रकावर, हॅन्सर्डवर, अब्रुनुकसानीचा दावा लावला. तुरुंग निरीक्षकांच्या एका अहवालात त्याच्या पुस्तकाला अश्लील म्हटले होते. सभागृहाच्या आदेशाने छापले म्हणून मुद्रकाला संरक्षण मिळते, हा बचाव न्यायालयाने १८३९ मध्ये फेटाळला. न्यायालयाचे हुकूम अमलात आणणारे मिडलसेक्सचे शेरिफ नुकसानभरपाई वसूल करायला गेले, तेव्हा कॉमन्सने त्या शेरिफांनाच कैदेत टाकले. त्यांच्या सुटकेचा अर्ज त्याच न्यायालयापुढे आला, ज्याच्या हुकुमाची ते अंमलबजावणी करत होते. तरी न्यायालयाने १८४० मध्ये हात टेकले, कारण वॉरंटात नुसता अवमान लिहिला होता, कारण दिले नव्हते.

पण या गोष्टीचा शेवट सिरवईंच्या अशिलाला फारसा सोयीचा नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने संसदीय कागदपत्रांना संरक्षण देणारा कायदा केला आणि मूळ तंटा मिटवला. ज्या सभागृहाची नक्कल आपण करत होतो, त्याने आपला प्रश्न शेवटी कायदा करूनच सोडवला होता.

बहुमताचे उत्तर

३० सप्टेंबर १९६४ रोजी अभिप्राय आला. सहा न्यायमूर्तींचे मत गजेंद्रगडकरांनी लिहिले. मला त्यातली मांडणी फार आवडते, कारण ती कुठल्याही सभागृहाला कमी लेखत नाही.

पहिला मुद्दा असा की भारतात सार्वभौम कोणी असेल तर ती घटना. ब्रिटनमध्ये संसदेच्या वर काही नाही, म्हणून तिथे तिच्या शब्दाला जे वजन, ते इथे आपोआप येत नाही. आपल्या विधिमंडळांचे अधिकार कितीही मोठे असले तरी ते लिखित घटनेतून येतात, आणि त्या लिखाणाचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांचे आहे.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. कॉमन्सच्या कारणरहित वॉरंटापुढे ब्रिटिश न्यायालये झुकत आली, त्यामागे परंपरा होती. ब्रिटिश संसद ही मुळात 'संसदेचे उच्च न्यायालय' मानली गेली. एक वरिष्ठ न्यायालय दुसऱ्या वरिष्ठ न्यायालयाच्या हुकुमाची चिकित्सा करत नाही, या सौजन्यातून ती प्रथा पडली. आपली विधिमंडळे कधीच न्यायालये नव्हती. १९३५ च्या कायद्याखालच्या प्रांतिक विधानसभांना तर अवमानासाठी शिक्षा करण्याचा अधिकारच नव्हता. ज्या अधिकाराचे मूळ न्यायालय असण्यात आहे, तो न्यायालय नसलेल्या सभागृहाकडे येणार कसा?

तिसरा मुद्दा मला सर्वांत निर्णायक वाटतो. अनुच्छेद २२६ उच्च न्यायालयाला कुठल्याही व्यक्तीविरुद्ध आणि प्राधिकरणाविरुद्ध आदेश काढण्याचा अधिकार देतो, विधिमंडळाचा अपवाद न करता. अनुच्छेद २११ न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर राज्य विधिमंडळात चर्चा करायलाच मनाई करतो. ज्या वर्तनाची चर्चाही करता येत नाही, त्याबद्दल न्यायाधीशाला ताब्यात घेऊन उभे करता येईल, असे घटनेला म्हणायचे असेल का? आणि अनुच्छेद २१ खाली प्रत्येक माणसाला जीवित व स्वातंत्र्याची हमी आहे. सभागृहाने कैद केलेला माणूस त्या हमीबाहेर पडत नाही.

अनुच्छेद २१२ चा अडसर होता. कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणाने विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे तो सांगतो. यावर बहुमताने जो भेद केला, त्यावर पुढची साठ वर्षे उभी आहेत : अनियमितता ही एक गोष्ट आणि बेकायदेशीरपणा किंवा घटनाबाह्यता ही दुसरी. पहिलीत न्यायालय डोकावणार नाही, दुसरीत डोकावेल.

म्हणून उत्तर असे आले : लखनौ खंडपीठाला अर्ज ऐकण्याचा आणि जामीन देण्याचा अधिकार होता; केशव सिंह, सॉलोमन आणि दोघे न्यायमूर्ती यांपैकी कोणीही अवमान केला नाही; त्यांना हजर करण्याचा किंवा खुलासा मागण्याचा अधिकार विधानसभेला नव्हता; पूर्णपीठाची स्थगिती योग्य होती. मात्र बहुमताने एक मर्यादा स्वतःवर घालून घेतली. सभागृहाचा सदस्य नसलेल्या माणसाने सभागृहाबाहेर केलेल्या कथित अवमानापुरतेच आम्ही बोलत आहोत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. सदस्याला झालेल्या शिक्षेचा प्रश्न उघडाच राहिला, आणि तो पुढे महाराष्ट्राच्याच वाट्याला आला.

न्यायमूर्ती सरकार यांचे मत वेगळे होते आणि ते वाचायलाच हवे. कॉमन्सचा कारणरहित वॉरंटाचा अधिकार घटनेने आपल्या विधिमंडळांना दिलेला आहे, असे त्यांनी मानले. घटनेत 'तेच अधिकार' लिहिल्यावर त्यातले काही आपल्याला पटत नाहीत म्हणून वगळायचे कसे, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण बेग आणि सहगल यांना वॉरंटाचे स्वरूप माहीत नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडून अवमान घडला नाही, असे त्यांनीही म्हटले. म्हणजे न्यायमूर्ती निर्दोष आहेत यावर सातही जणांचे एकमत झाले.

कायदा न करण्याचा फायदा

विधिमंडळांनी आपले विशेषाधिकार कायद्यात का लिहिले नाहीत, याचे उत्तर थोडे आधीच्या दोन प्रकरणांत सापडते.

मार्च १९५२ मध्ये मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे काम पाहणारे होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या अध्यक्षांच्या वॉरंटावर मुंबईत पकडून लखनौला नेण्यात आले. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर न केल्याने अनुच्छेद २२ चा भंग झाला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मूलभूत हक्क सभागृहाच्या कैद्यालाही आहेत, असा त्याचा अर्थ निघत होता. १९५८ मध्ये पाटण्याच्या 'सर्चलाइट' दैनिकाच्या संपादकाचे प्रकरण आले. बिहार विधानसभेच्या कामकाजातून काढून टाकलेले भाषण त्या दैनिकाने छापले होते. तिथे बहुमताने सांगितले की भाषणस्वातंत्र्य आणि विशेषाधिकार यांचा संघर्ष झाला तर विशेषाधिकार वरचढ. एकट्या सुब्बा राव यांनी विरोधी मत नोंदवले.

पण त्याच निकालात आणखी एक वाक्य होते आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. विधिमंडळाने विशेषाधिकारांचा कायदा केला, तर तो अनुच्छेद १३ खाली 'कायदा' ठरेल आणि मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासला जाईल. याचा व्यावहारिक अर्थ सभागृहांना लगेच कळला. लिहिले नाही तर अधिकार मोठा, लिहिला तर लहान. मग लिहायचे कोणी?

घटना समितीत ह. वि. कामत यांनी परदेशी सभागृहाचा दाखला देण्याला आक्षेप घेतला होता. सगळे विशेषाधिकार घटनेतच नोंदवायचे तर यादी फार लांबेल आणि विधिमंडळे पुढे कायदा करू शकतील, अशी बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. कॉमन्सचा दाखला ही तात्पुरती सोय होती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत कॉमन्सचे नाव वगळले गेले, पण आशय तोच ठेवला : दुरुस्तीच्या लगेच आधी जे अधिकार होते तेच पुढे. नाव पुसून मजकूर कायम. तात्पुरत्या सोयीला कायमचे घर मिळाले.

१९६४ च्या अभिप्रायानंतर पीठासीन अधिकाऱ्यांच्या (सभागृहांच्या अध्यक्ष-सभापतींच्या) परिषदेने घटनादुरुस्तीची मागणी केली, विशेषाधिकार निर्विवाद व्हावेत म्हणून. कायदा करण्याची मागणी पुढे आली असती तर मी त्यांचे स्वागत केले असते.

आणि केशव सिंह? अभिप्राय हा अभिप्राय होता. त्यांचा मूळ अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबितच होता. मार्च १९६५ मध्ये त्याचा निकाल लागला आणि अर्ज फेटाळला गेला. विधानसभेला अवमानासाठी कैदेची शिक्षा देण्याचा अधिकार आहे आणि या प्रकरणातील कैद बेकायदा नाही, असे न्यायालयाने ठरवले. न्यायालयाचे दार उघडे राहिले, पण ज्याच्यासाठी ते उघडले तो हरला. मला यात विसंगती दिसत नाही. न्यायालयाने मागितला होता तो फक्त तपासण्याचा अधिकार, आणि तपासून सभागृहाला बरोबर ठरवण्याची तयारीही दाखवली. १९६४ च्या मार्चमध्ये विधानसभेने तीन वाजता वकील पाठवला असता, तर तिला हाच निकाल बहुधा काही दिवसांत मिळाला असता, आणि २८ न्यायमूर्तींच्या पीठाची वेळच आली नसती.

महाराष्ट्रात

२०२० मध्ये एका वृत्तवाहिनीच्या संपादकाविरुद्ध हक्कभंगाची कारवाई सुरू असताना महाराष्ट्र विधिमंडळाच्या एका अधिकाऱ्याने त्याला पत्र लिहिले : सभागृहाची गोपनीय पत्रे तुम्ही सर्वोच्च न्यायालयात का सादर केलीत? ६ नोव्हेंबरला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने त्या अधिकाऱ्याला न्यायालयीन अवमानाची कारणे दाखवा नोटीस काढली. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव केला की या प्रकरणात न्यायालयाच्या नोटिसांना उत्तर द्यायचे नाही. न्यायालयात जाणाऱ्याला त्याबद्दल जाब विचारणे, हेच तर लखनौला घडले होते. छप्पन्न वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाचे उत्तर सात न्यायमूर्तींनी दिले होते, तो मुंबईत पुन्हा विचारला गेला याचे मला खरोखर दुःख वाटते.

५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या गैरहजेरीत कामकाज चालवणारे) भास्कर जाधव पीठासीन असताना झालेल्या गोंधळानंतर भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले. इथे १९६४ ने उघडा ठेवलेला प्रश्न समोर आला : शिक्षा सदस्याला आणि वर्तन सभागृहाच्या आवारातले. राज्याच्या बाजूने म्हणणे असे की सभागृहाला शिस्तीचे अंगभूत अधिकार आहेत, ते नियमांनी बांधलेले नाहीत. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती खानविलकर, माहेश्वरी आणि रविकुमार यांच्या पीठाने ठराव रद्द केला. विधानसभेच्या नियम ५३ खाली निलंबन फार तर चालू अधिवेशनापुरते असते. त्यापुढचे निलंबन घटनाबाह्य आणि तर्कहीन आहे, असे पीठ म्हणाले.

त्यामागचे कारण मतदाराच्या बाजूने विचार केला की लगेच पटते. आमदाराची हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. एक वर्षाच्या निलंबनात जागा रिकामी होत नाही, निवडणूकही होत नाही आणि मतदारसंघ मुका राहतो. निलंबन हकालपट्टीपेक्षा वाईट, हे न्यायालयाचे निरीक्षण म्हणूनच नेमके आहे. बारा जण सभागृहात काय वागले, याच्या खोलात पीठ शिरले नाही. गोंधळ झाला की नाही हे सभागृहाने ठरवावे, शिक्षा किती लांबवता येते ते घटनेने. अनियमितता आणि बेकायदेशीरपणा यांतला गजेंद्रगडकरांच्या पीठाने केलेला भेदच इथे कामी आला.

या निकालावर विधिमंडळाच्या अधिकारात हस्तक्षेप झाल्याची तक्रार सभागृहातल्या अनेकांनी केली. त्या तक्रारीकडे मी तुच्छतेने पाहत नाही. सभागृहाचे कामकाज रोज न्यायालयाच्या दारात गेले तर लोकप्रतिनिधींना काम करणे अशक्य होईल. पण निलंबनाची कमाल मुदत, सुनावणीची पद्धत आणि मतदारसंघाच्या प्रतिनिधित्वाची हमी कायद्यात लिहिलेली असती, तर न्यायालयाला ती घटनेतून आणि नियमांतून शोधून काढावी लागली नसती. रिकामी सोडलेली जागा कोणीतरी भरणारच.

लिहिलेला कायदा कसा दिसतो

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण तिथल्या घटनेतही कॉमन्सचा असाच दाखला होता. १९८७ मध्ये तिथल्या संसदेने संसदीय विशेषाधिकारांचा कायदा केला. सभागृहाच्या किंवा सदस्याच्या कामात अयोग्य अडथळा आणणारे किंवा आणू शकणारे वर्तन असेल तरच तो अवमान. सभागृहाबाहेर केलेली टीका किंवा बदनामी एवढ्याच कारणाने अवमान होत नाही. बदनामी झाल्याचे वाटले तर सदस्याने इतर नागरिकांप्रमाणे दिवाणी दावा लावावा. कैद जास्तीत जास्त सहा महिने. आणि कैदेच्या ठरावात व वॉरंटात अवमान कोणत्या कृतीने झाला, त्याचा तपशील लिहिणे बंधनकारक. कारणरहित वॉरंटाचा प्रश्न तिथे एका कलमात मिटला.

महाराष्ट्राला यासाठी संसदेची किंवा घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीची ३९ वी नोंद विधानसभा, विधान परिषद, त्यांचे सदस्य आणि समित्या यांच्या अधिकार व विशेषाधिकारांवर कायदा करण्याचा विषय थेट राज्य विधिमंडळाकडे देते. दोन्ही सभागृहांच्या विशेषाधिकार समित्यांनी एकत्र बसून मसुदा तयार करावा, त्यात अवमानाची व्याख्या, शिक्षेची कमाल मर्यादा, आरोप झालेल्याला वकिलासह म्हणणे मांडण्याचा हक्क, कारणांसह लेखी निर्णय आणि उच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट स्पष्ट लिहावी, आणि विधेयक मांडण्याआधी तो मसुदा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी खुला करावा.